कॅमेरूनची हिरवी जर्सी: एटोचा 9 नंबर घ्यायचा तर कोणता?

2002 च्या फुटबॉल वर्ल्डकपची कॅमेरूनची जर्सी हातात आली की आधी खांदा बघा. पुढून हिरवी, मागून हिरवी, आणि बाह्या मात्र काळ्या. हिरवं कापड खांद्यावर सँडो बनियनसारखं संपतं आणि तिथून काळी बाही सुरू होते. अनेकांना ही डिझायनरची हौस वाटते. प्रत्यक्षात तो तडजोडीचा टाका आहे. त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, मालीतल्या आफ्रिका कपमध्ये, कॅमेरूनचा संघ बिनबाह्यांच्या जर्सीत खेळला आणि जिंकला. वर्ल्डकपला फिफाने त्या जर्सीला नकार दिला, म्हणून जर्सी बनवणाऱ्या प्यूमाने काळ्या बाह्या जोडल्या. कॅमेरूनचा स्ट्रायकर सॅम्युएल एटोने देशासाठी जे जे अंगावर चढवलं, त्यात पहिली पसंती याच जर्सीला. का, ते पुढे सविस्तर आहे, कारण बाजारात कॅमेरून आणि एटो या दोन नावांवर काहीही खपवलं जातं आणि घेणारा हिरवा रंग बघून पैसे मोजतो. हिरवी तर नायजेरियाची असते, सेनेगलचीही असते.

एटो चार वर्ल्डकप खेळला: 1998, 2002, 2010 आणि 2014. चारही वेळा अंगावर प्यूमाच होती. त्यामुळे हे परीक्षण एकाच कंपनीच्या मालाचं आहे, पण त्या सोळा वर्षांत मालाचा दर्जा आणि हेतू दोन्ही बदलत गेले. देशासाठी 118 सामने आणि 56 गोल अशी त्याची शेवटची बेरीज. आफ्रिका कपमध्ये 18 गोल, तिथला विक्रम. 2003, 2004, 2005 आणि 2010 असा चार वेळा तो आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

1998 ची जर्सी झटपट निकालात काढू. चांगली जर्सी आहे, पण एटोची म्हणून घेऊ नका. तेव्हा तो 17 वर्षांचा, त्या स्पर्धेतला सगळ्यात लहान खेळाडू. माँपेलियेला इटलीविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि कॅमेरून 3-0 हरलं. त्या वर्षाची जर्सी संघाच्या प्रेमापोटी घ्यायची असेल तर जरूर घ्या, एटोच्या नावाचा जादा भाव मात्र देऊ नका.

मधल्या काळात तो घडला. फेब्रुवारी 2000 मध्ये लागोसला यजमान नायजेरियाविरुद्ध आफ्रिका कपची फायनल झाली. तिथे पहिला गोल त्याचा, दुसरा पॅट्रिक एमबोमाचा. सामना 2-2 सुटला आणि पेनल्टींवर कॅमेरून 4-3 जिंकलं. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला सिडनी ऑलिंपिकच्या फायनलमध्ये स्पेन मध्यंतराला 2-0 पुढे होतं. उत्तरार्धात आधी स्पेनचा स्वयंगोल झाला, मग एटोने बरोबरी साधली, आणि पेनल्टींवर 5-3 ने सुवर्णपदक. इथून पुढे 9 नंबरला वजन आलं.

आता बिनबाह्यांची जर्सी. फॅशन म्हणून तिच्याकडे बघणं हा तिच्यावर अन्याय आहे. एटोचा खेळ कसा होता ते आठवा. बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, पास सुटायच्या क्षणी त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत घुसायचं, आणि पहिल्या तीन-चार पावलांतच अंतर तोडायचं. अशा वेळी मागे पडलेल्या बचावपटूच्या हाताला सगळ्यात आधी काय लागतं? बाही. ती पकडून अर्धा सेकंद जरी ओढलं तरी धाव मेली, आणि इतकी छोटी ओढ पंचाला दिसतही नाही. बाहीच नसेल तर पकडायला उरतो घामेजलेला दंड, त्यावर हात टिकत नाही. शिवाय काख मोकळी, वारा आत जातो. मालीच्या उन्हात ही सोय लहान नव्हती. त्या स्पर्धेत कॅमेरूनने एकही गोल खाल्ला नाही. 10 फेब्रुवारीची सेनेगलविरुद्धची फायनल 0-0 राहिली आणि पेनल्टींवर 3-2 ने कप मिळाला. श्रेय जर्सीचं नाही, प्रशिक्षक विनफ्रीड शेफरने बांधलेल्या बचावाचं आहे. पण ज्या कपड्यात एक संघ अख्खी स्पर्धा खेळून जिंकतो, तो कपडा खेळायला अडचणीचा होता असं कोणी म्हणू शकत नाही.

फिफाचं म्हणणं होतं की हा शर्टच नाही, ही गंजी आहे. शिवाय वर्ल्डकपचे बिल्ले बाहीवर लागतात, बाहीच नसली तर ते लावायचे कुठे? फुटबॉलच्या आजच्या नियमांत, नियम 4 मध्ये, स्पष्ट शब्द आहेत: बाह्या असलेला शर्ट. म्हणजे हा वाद आता कायमचा मिटलेला आहे आणि बिनबाह्यांची जर्सी पुन्हा मोठ्या स्पर्धेत दिसणार नाही. संग्राहकांमध्ये तिला भाव आहे तो यामुळे.

बिनबाह्यांची घेताना एक फसवणूक हमखास होते. साध्या हिरव्या जर्सीच्या बाह्या कापतात, कड आत दुमडून शिवतात आणि ‘माली 2002’ म्हणून विकतात. ओळखायची कशी? जर्सी सपाट पसरा. बनियनच्या कापाची जर्सी खांद्यावर आतल्या बाजूला संपते, काखेची गोलाई खोल असते आणि ती गोलाई मुळातच तशी कापलेली असते. बाही कापलेल्या जर्सीत खांदा पूर्ण रुंद राहतो, कड खांद्याच्या हाडाच्या बाहेर येते. मग ती उलटी करा. कारखान्यातली कड चारही बाजूंनी एकाच रुंदीची आणि एकाच धाग्याची असते. हातची दुमडलेली कड काखेच्या वळणावर चुण्या धरते, कारण सरळ कापड गोल दुमडताना जादा कापड कुठेतरी गोळा होणारच.

घालायला कशी आहे? खेळायला उत्तम, मिरवायला बेताची. काख खोल असल्यामुळे अंगाने सडपातळ माणसावर ती बाजूने उघडी पडते. पोट सुटलेलं असेल तर छातीवर ठीक बसते आणि खाली ताणते. आत घट्ट टी-शर्ट घालून वापरायचा विचार असेल तर सरळ काळ्या बाह्यांचीच घ्या, ती याच कल्पनेची पक्की आवृत्ती आहे.

काळ्या बाह्यांच्या जर्सीमागे सामनेही मोलाचे आहेत. बोनसच्या भांडणामुळे संघ पॅरिसमध्येच अडकला आणि जपानला उशिरा पोचला. ओइता प्रांतातल्या नाकात्सुए या छोट्या डोंगरी गावाने त्यांच्या सरावाची सगळी तयारी करून ठेवली होती, ते गाव दिवस मोजत बसलं. मग नीगाताला आयर्लंडशी 1-1. साइतामाला सौदी अरेबियाविरुद्ध 66 व्या मिनिटाला एटोचा गोल, 1-0. वर्ल्डकपमधला त्याचा पहिला गोल आणि त्या जर्सीतला कॅमेरूनचा एकमेव विजय. शिझुओकाला जर्मनीकडून 2-0 हार झाली आणि संघ घरी परतला. एवढ्या तीन सामन्यांची ही जर्सी आहे. म्हणून विकणारा ‘सेमीफायनलची’, ‘नॉकआउटची’ असं काही सांगू लागला तर तिथूनच परत फिरा.

तिची पारख शिवणीवर करा. बाही आणि धड हे दोन वेगळे तुकडे हवेत. स्वस्त फर्स्ट कॉपीत पुष्कळदा अख्खी जर्सी एका पांढऱ्या कापडावर सबलिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंग उतरवून, छापलेली असते, काळी बाहीसुद्धा छापलेलीच. बाहीचं कापड ताणून बघा. छापलेलं काळं ताणलं की आतून पांढरट दिसतं, रंगवलेल्या सुताचं काळं ताणूनही काळंच राहतं. बाही उलटी करून आतली बाजू बघितली तरी कळतं. छापील कापड आतून फिकं असतं.

दोन वर्षांनी प्यूमाने पुढची पायरी गाठली. ट्युनिशियातल्या 2004 च्या आफ्रिका कपसाठी जर्सी आणि चड्डी एकत्र शिवलेला एकसंध पोशाख आणला. नील बॅरेट या डिझायनरचं ते काम. कल्पना तीच: प्रतिस्पर्ध्याला पकडायला सैल कापड ठेवायचं नाही, जर्सीचा खालचा घेर तर नाहीच. फिफाने ताकीद दिली होती, तरी संघ 8 फेब्रुवारीला मोनास्तीरमध्ये नायजेरियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तोच घालून उतरला. मध्यंतराच्या थोडं आधी एटोने गोल केला, लगेच नायजेरियाच्या ओकोचाने फ्री किकवर फेडला, उत्तरार्धात त्यांच्याच उटाकाने विजयी गोल मारला. 2-1. कप गेला. एप्रिलमध्ये फिफाचा निकाल आला: 2,00,000 स्विस फ्रँक दंड, आणि 2006 च्या वर्ल्डकप पात्रता फेरीतले 6 गुण वजा.

कपड्याबद्दल देशाला सहा गुणांची शिक्षा, हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पोशाख कंपनीने बनवला, शिक्षा मात्र मैदानावर खेळणाऱ्यांना. प्यूमाने जर्मनीत फिफावर दावा लावला आणि मे 2004 मध्ये पॅरिसच्या काँग्रेसमध्ये ते सहा गुण परत मिळाले. पण पुढचं वाचा. 8 ऑक्टोबर 2005 ला याउंदेमध्ये इजिप्तविरुद्ध 1-1 असताना अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली. पिएर वोमेने ती खांबावर मारली. कॅमेरून 21 गुणांवर थांबलं, आयव्हरी कोस्ट 22 वर, आणि जर्मनीतल्या वर्ल्डकपला त्यांचा स्ट्रायकर द्रोग्बा गेला. एटो तेव्हा बार्सिलोनात ऐन भरात होता, त्या मोसमात 26 गोल करून स्पेनचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वर्षी तो वर्ल्डकपला नव्हता.

एकसंध पोशाखाचं वस्तू म्हणून परीक्षण करायचं तर मत स्पष्ट आहे. बिनबाह्यांच्या जर्सीत कल्पना आणि सोय एकत्र होत्या. इथे कल्पना पुढे गेली आणि सोय मागे राहिली. धावताना माणसाचं धड एकीकडे वळतं आणि कंबर दुसरीकडे. वेगळ्या जर्सीत ती जादा हालचाल कमरेशी जिरते, कापड वर-खाली सरकतं. एकत्र शिवलं की तोच ताण खांद्यावर आणि जांघेत जातो, म्हणून माप अगदी अंगाबरोबर लागतं. छातीचं बरोबर बसून चालत नाही, खांद्यापासून जांघेपर्यंतची उंचीही जुळायला हवी. तयार मापात हे फार थोड्यांना जुळतं. रक्ताचा डाग पडला किंवा कुठे फाटलं तर फक्त शर्ट बदलता येत नाही, अख्खा पोशाख उतरवावा लागतो. सामना संपल्यावर शर्टांची अदलाबदल करायची तर तीही नाही. आजच्या नियमात खेळाडूचा पोशाख ‘वेगवेगळ्या वस्तूंचा’ असावा असं लिहिलं आहे, त्यामुळे पुढचा प्रश्नच मिटला.

असा पोशाख विकायला दिसलाच तर कमरेच्या जोडाचा आतला फोटो मागा. नुसती जर्सी ‘2004 वनपीस’ म्हणून दाखवत असतील तर खालची कड कशी आहे ते बघा. मुळात सुटी असलेल्या जर्सीला खाली व्यवस्थित दुमडलेली कड असते. एकसंधातून कापून काढलेली असेल तर कड नंतर घातलेली दिसेल, आणि अशा कापलेल्या वस्तूला पूर्ण पोशाखाचा भाव द्यायचं कारण नाही. हौशी वाचकाने यात पडू नये असंच सांगेन. काचेच्या चौकटीत लावणाऱ्यासाठी ही वस्तू आहे.

2004 नंतर प्यूमाने डोकं शांत ठेवलं आणि जर्सी साध्या झाल्या. गंमत अशी की एटोची आफ्रिका कपमधली वैयक्तिक कामगिरी याच साध्या जर्सींत झाली. 2006 ला इजिप्तमध्ये 5 गोल, 2008 ला घानात 5 गोल, दोन्ही वेळा सर्वाधिक. 2006 च्या उपांत्यपूर्व सामन्यात आयव्हरी कोस्टविरुद्धचं पेनल्टी शूटआउट इतकं लांबलं की सगळ्यांची एकेक फेरी होऊन पुन्हा पहिल्यांवर पाळी आली. एटोची दुसरी पेनल्टी हुकली, द्रोग्बाने घातली, 12-11. 2008 च्या फायनलला इजिप्तकडून 1-0. ही वर्षं परवडणारी आहेत. ज्याला 9 नंबर घालून रविवारी खरोखर मैदानात उतरायचं आहे, त्याने 2006 किंवा 2008 ची बघावी. पोशाखाचा वाद नाही म्हणून संग्राहक मागे लागत नाहीत, आणि कापड आधीच्यांपेक्षा हलकं आहे.

2010 मध्ये दोन गोष्टी मिळतात. एक, वर्ल्डकपची नेहमीची हिरवी. एटो कप्तान, तीनही सामने हरले: जपान 1-0, डेन्मार्क 2-1, नेदरलँड्स 2-1. कॅमेरूनचे दोन्ही गोल एटोचेच. दुसरी, प्यूमाच्या आफ्रिकन संघांसाठी काढलेली सामाईक ‘युनिटी’ जर्सी, खाली मातीचा तपकिरी आणि वर आभाळाचा निळा. ती दिसायला देखणी आहे, पण एटोच्या सामन्यांशी तिचं नातं पातळ आहे. भिंतीसाठी घ्यायची तर घ्या.

2014 च्या जर्सीत मात्र मापाचा सापळा आहे. त्या वर्षी प्यूमाच्या खेळाडूंच्या जर्सीत आतून पट्ट्या होत्या, स्नायूंवर टेप लावतात त्या धर्तीच्या, आणि जर्सी अंगाला चिकटून बसणारी होती. दुकानातली साधी प्रतिकृती वेगळी, तिच्यात पट्ट्या नाहीत आणि कापही सैल. जुन्या मालाच्या विक्रीत दोन्ही एकाच नावाने येतात. जर्सी उलटी करून आतल्या पट्ट्या दिसतात का ते बघा. दिसल्या तर नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या, एरवी श्वास घेताना जाणवेल. सामन्यांच्या हिशोबाने ही जर्सी कोरडी आहे. नातालला मेक्सिकोविरुद्ध एटो खेळला, 1-0 हार. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचे दोन्ही सामने तो बाहेर बसला. त्याच ऑगस्टमध्ये त्याने देशाकडून निवृत्ती घेतली.

आता नंबर. जुन्या कोऱ्या जर्सीवर 9 आणि नाव छापून घेणारे पुष्कळ आहेत, आणि चांगली जर्सी वाया जाते ती इथेच.

नाव आहे ETO’O. चार अक्षरं आणि मध्ये एक वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी. छपाईवाला तीन चुका हमखास करतो. अपॉस्ट्रॉफी गाळून ETOO करतो. शेवटचा O म्हणून शून्य लावतो, कारण अंकांच्या संचातलं शून्य हाताशी असतं. ते अरुंद असतं आणि शेजारच्या O शी जुळत नाही. किंवा अपॉस्ट्रॉफीऐवजी सरळ उभी रेघ लावतो. शिवाय अपॉस्ट्रॉफीचा तुकडा नखाएवढा, चिकटायला पृष्ठभाग कमी, त्यामुळे धुण्यात पहिला तोच सुटतो. तो लावताना कडेपर्यंत दाब बसला आहे ना ते बघा आणि एक जादा तुकडा कापून घरी ठेवा.

मापं अंदाजाने नकोत. फिफाच्या नियमात पाठीवरचा अंक 25 ते 35 सेंटीमीटर उंच, छातीवरचा 10 ते 15, आणि नावाची अक्षरं 5 ते 7.5 सेंटीमीटर असतात. लहान मापाच्या जर्सीवर 25 चाच 9 शोभतो. 30 च्या वर गेलात तर अंक कमरेत शिरतो. मध्य काढायला जर्सी उभी अर्धी दुमडा, काखा एकावर एक जुळवा आणि घडीवर हलकी गरम इस्त्री फिरवा. पडलेली रेघ हीच मध्यरेषा. कॉलरच्या लेबलवरून मध्य काढू नका, लेबल बऱ्याचदा तिरकं शिवलेलं असतं.

हिरव्या पॉलिस्टरवर पिवळा अंक, यात खरी अडचण रंग चढण्याची. पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वाफेसारखा वर येतो आणि पिवळ्या व्हायनलमध्ये उतरतो. छापल्या दिवशी अंक झक्क पिवळा दिसतो, दोन-तीन दिवसांत पोपटी होतो. मग दुकानदार म्हणतो धुण्यात चूक झाली. चूक धुण्यात नसते, हीट प्रेसच्या, म्हणजे छपाईच्या गरम दाबयंत्राच्या तापमानात असते. कमी तापमानाचं पीयू (पॉलियुरेथेन) व्हायनल मागा, साधारण 130 ते 140 अंश, 10 ते 15 सेकंद, मध्यम दाब. शक्य असेल तर मागे रंग अडवणारा राखाडी थर असलेलं. आधी जर्सी 3 ते 5 सेकंद रिकामी दाबून ओल काढायला सांगा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे न केल्यामुळेच अंकाखाली बुडबुडे येतात. पहिली चाचणी पाठीवर नाही, आतल्या कडेवर एका चिंधीएवढ्या तुकड्याने घ्यायची, आणि एक रात्र थांबून रंग बघायचा. घाई करणाऱ्या दुकानात 2002 ची जर्सी टाकू नका.

मूळ छपाईची जुनी जर्सी मिळाली आणि अंकाला भेगा असतील तर तशाच राहू द्या. व्हायनलमधला मऊपणा वयाने जातो, तो कुठल्याही गोंदाने परत येत नाही. वरून इस्त्री फिरवली की भेग रुंद होते.

फर्स्ट कॉपी ओळखायला आतलं धुलाईचं लेबल वाचा. प्यूमाच्या मालाला सहा आकडी क्रमांक असतो, त्यापुढे रंगाचा दोन आकडी. तो क्रमांक नेटवर शोधा; दुसऱ्याच देशाची जर्सी किंवा बूट निघाला तर विषय संपला. भरतकामात प्यूमाच्या बोधचिन्हातल्या उडत्या मांजराचे मागचे पाय बघा. चांगल्या कामात दोन पायांमधली फट मोकळी असते, नकलेत धाग्याने बुजते. उलट बाजूला बिल्ल्यामागे कडक कागदी अस्तर फाडल्यासारखं लटकत असेल तर कामात घाई झाली आहे.

माप विकणाऱ्याच्या ‘एल’वर सोडू नका. सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये विचारा, दुप्पट करा. तुमच्या छातीच्या घेरापेक्षा 8 ते 10 सेंटीमीटर जास्त असेल तर आरामात बसेल. बिनबाह्यांची काख खोल असल्याने तिथे हे मोजमाप फसवं ठरतं, म्हणून काखेच्या टोकाखाली दोन बोटं सोडून मोजायला सांगा.

धुणं: उलटी करून, थंड पाण्यात, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त भिजत नको. कॉलरवर ब्रश चालतो, अंकावर कधीच नाही. फॅब्रिक कंडिशनर टाळा. त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही. पिळू नका, सावलीत वाळवा. जुन्या घामाचा वास राहिला असेल तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, अर्धा तास. ठेवताना अंकावर अंक येऊ देऊ नका, मध्ये बटर पेपर किंवा धुतलेलं सुती फडकं घाला. डांबराच्या गोळ्या नकोतच, त्यांच्या वाफेने छपाई मऊ पडून चिकटते.

क्लबच्या जर्सीकडे वळणाऱ्यांसाठी एकच खूण. बार्सिलोनाच्या छातीवर युनिसेफ आलं ते 2006-07 पासून. म्हणून पॅरिसमधल्या 2006 च्या चॅम्पियन्स लीग फायनलची, म्हणजे आर्सेनलविरुद्ध 76 व्या मिनिटाला एटोने बरोबरी केली त्या सामन्याची जर्सी छातीवर कोरी असते. युनिसेफ लिहिलेली ‘2006 फायनल’ कोणी विकत असेल तर ती चुकीची आहे. युनिसेफवाली हवी तर 2008-09 ची अर्धी लाल-अर्धी निळी, रोमच्या चॅम्पियन्स लीग फायनलची. तिथे दहाव्या मिनिटाला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पहिला गोल त्याचाच. पुढच्याच मोसमात मिलानच्या इंटरकडूनही त्याने तिहेरी मुकुट (लीग, देशाचा कप आणि चॅम्पियन्स लीग) जिंकला, पण तिथे तो बराच काळ डाव्या कडेला खाली येऊन राबला. ज्यांना फक्त गोल मोजायचे आहेत त्यांनी इंटरची घेऊ नये. ज्यांना हा खेळाडू समजला आहे त्यांनी आधी तीच घ्यावी.

काळ्या बाह्यांच्या जर्सीवर 9 मिळत नसेल तर 17 बघा. 2002 च्या त्या संघात 17 नंबर मार्क-विव्हियन फोएचा होता. पुढच्या वर्षी कॉन्फेडरेशन्स कपमध्ये एटोच्या गोलने ब्राझीलला 1-0 हरवल्यावर आठवड्याने, 26 जूनला, कोलंबियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात फोए लिओंच्या मैदानावर कोसळला आणि गेला. 28 वर्षांचा होता, आणि ते मैदान त्याच्याच क्लबचं होतं. ती जर्सी 17 नंबरसह, मूळ छपाईची, चांगल्या स्थितीत समोर आली तर घासाघीस न करता घ्या.